उसने इंजिन

बेंगळुरूहून होसूरकडे जाणारा हमरस्ता शहर मागे टाकून दक्षिणेस निघाला, की काही मैलांवर इलेक्ट्रॉनिक सिटी लागते. १९७८ च्या सुमारास येथे कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांची शेतजमीन होती. कर्नाटक राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाचे प्रमुख आर. के. बाळिगा यांनी सुमारे ३३० एकर जमिनीवर विद्युत्कण-उद्योगाची एक स्वतंत्र वसाहत उभारण्याचे मनावर घेतले, तेव्हा या कल्पनेला हसणारेही पुष्कळ होते. हाच रस्ता पुढे तामिळनाडूची सीमा ओलांडून होसूरला पोचतो. तेथेही त्याच सुमारास एक कारखाना उभा राहिला आणि १९८० साली त्यातून टीव्हीएस ५० ही दोघांना वाहून नेणारी छोटी मोपेड बाहेर पडली. एकाच वाटेवरच्या या दोन वसाहतींपैकी एक यंत्राच्या मेंदूचा विचार करणारी, तर दुसरी यंत्राच्या हृदयाचा. दोघींपुढे प्रश्न मात्र एकच होता. ज्या यंत्राचा मुख्य अवयव दुसऱ्याने घडविला आहे, ते यंत्र आपले केव्हा म्हणावे?

या प्रश्नाचा निकाल लावणारे एक लहानसे परंतु अतिशय कठोर न्यायासन आहे. ते म्हणजे थोड्या ताकदीच्या शर्यतीच्या मोटारसायकलींची स्पर्धा. मोठ्या इंजिनाच्या गाडीत शक्तीचा एवढा साठा असतो, की रचनेतील दोष त्यात झाकले जातात. पन्नास, शंभर किंवा सव्वाशे सी.सी.च्या यंत्राला ही चैन परवडत नाही. तेथे अर्ध्या अश्वशक्तीचाही हिशेब लागतो. वळणावर गमावलेला वेग पुढच्या सरळ पट्ट्यावर भरून काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच ज्याला आपले कसब पारखून घ्यावयाचे आहे, तो कारागीर पूर्वीपासून या लहान यंत्रांकडे वळत आला आहे. त्याची नेहमीची रीत अशी, की एका गाडीचा उत्तम सांगाडा घ्यावयाचा, दुसऱ्या गाडीचे उत्तम इंजिन घ्यावयाचे आणि दोहोंचा मेळ घालावयाचा.

ऐकावयास ही गोष्ट सोपी वाटते, परंतु खरी अडचण मेळ घालतानाच सुरू होते. इंजिन सांगाड्यात बसविण्याचे कान आणि बोल्ट जुळविणे हे त्यातील सर्वांत सोपे काम होय. त्यानंतर साखळीची रेषा पाहावी लागते. इंजिनाच्या बाहेरील दात्यांचे चाक आणि मागच्या चाकावरील दात्यांचे चाक एका सरळ रेषेत नसतील, तर साखळी शक्ती खाऊन टाकते आणि शेवटी तुटते. पुढे प्रश्न येतो वजनाचा. इंजिन दोन बोटे पुढे बसविले, तर पुढचे चाक रस्त्याला धरून राहते, परंतु मागचे चाक घसरू लागते. दोन बोटे मागे बसविले, तर वेग घेताना पुढचे चाक हलके पडते आणि वळणावर स्वाराचा विश्वास उडतो. काही सांगाड्यांत इंजिन पाळण्यातील मुलासारखे केवळ ठेवलेले असते, तर काहींत ते स्वतःच सांगाड्याचा एक खांब होऊन भार उचलते. एका जातीचे इंजिन दुसऱ्या जातीच्या सांगाड्यात घातले, की जो भार ते सोसत होते तो आता कोणी सोसावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. एका सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा तर निराळाच. मूळ सांगाड्यात तो विरून जात असे. नव्या सांगाड्यात तो एखादा जोड तडकवितो. सारांश, इंजिन बदलणारा कारागीर वस्तुतः संपूर्ण गाडीचा नव्याने विचार करीत असतो.

युरोपात या उद्योगाला ऊत आला, तो दुसऱ्या महायुद्धानंतर. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी नॉर्टन कंपनीसाठी तयार केलेला सांगाडा १९५० साली शर्यतीत उतरला आणि त्याच्या स्थैर्यामुळे तो ‘फेदरबेड’, म्हणजे पिसांची गादी, या नावाने प्रसिद्धीस आला. त्याच काळात इंग्लंडमध्ये पाचशे सी.सी.च्या छोट्या शर्यती मोटारींचे वेड पसरले होते. या मोटारींना नॉर्टनचे इंजिन हवे असे, परंतु नुसते इंजिन विकत मिळत नसे. तेव्हा मोटारवाल्यांनी संपूर्ण मोटारसायकली विकत घेतल्या, त्यांतील इंजिने काढून घेतली आणि रिकामे सांगाडे बाजूला टाकले. या टाकून दिलेल्या सांगाड्यांत होतकरू स्वारांनी ट्रायम्फ कंपनीची इंजिने बसविली. ट्रायम्फ आणि नॉर्टन यांच्या नावांची संधी होऊन या गाडीस ‘ट्रायटन’ हे नाव पडले. कोणत्याही कारखान्याने ती काढली नव्हती. तरी ती एका पिढीची आवडती गाडी झाली. इंजिन आणि सांगाडा यांची पैदास वेगळी असली तरी त्यांचा संसार सुखाचा होऊ शकतो, हे तिने दाखवून दिले.

परंतु लहान इंजिनाच्या इतिहासात याहूनही विलक्षण प्रकरण जर्मनीतील त्शोपाउ या गावी घडले. डीकेडब्ल्यू कंपनीची आरटी १२५ ही साधीशी दोन-धावी मोटारसायकल युद्धापूर्वी, १९३९ च्या सुमारास, येथेच जन्मास आली. जर्मनीचा पराभव झाला आणि तिचे आराखडे विजेत्यांच्या हाती पडले. मग त्या एका गाडीची वंशावळ पृथ्वीभर पसरली. रशियात तिची प्रतिकृती निघाली. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने तीवरून आपली छोटी गाडी घडविली. इंग्लंडमध्ये बीएसएने १९४८ साली ‘बँटम’ काढली, ती तर आरशात पाहून काढल्यासारखी होती, कारण डावीकडील गोष्टी उजवीकडे आल्या होत्या. जपानात यामाहा कंपनीची पहिली मोटारसायकल, १९५५ ची वायए-१, ही त्याच घराण्यातली. त्याच वर्षी फुजी पर्वताच्या चढणीच्या शर्यतीत तिने आपल्या वर्गात विजय मिळविला. मूळ चित्र दुसऱ्याचे होते. परंतु पर्वत चढताना जे घाम गाळून शिकावे लागले, ते यामाहाच्या कारागिरांचे स्वतःचे होते.

त्शोपाउचा कारखाना पुढे पूर्व जर्मनीच्या वाट्यास गेला आणि एमझेड या नावाने ओळखला जाऊ लागला. १९५३ पासून त्याच्या शर्यत-विभागाची सूत्रे वाल्टर काडन या अभियंत्याकडे आली. त्याच्यापाशी ना पैसा होता, ना चांगले पोलाद. जे होते ते कान आणि चिकाटी. दोन-धावी इंजिनात एक जन्मजात खोट असते. जळलेला वायू बाहेर जाण्याची आणि ताजे मिश्रण आत येण्याची वाट एकाच वेळी उघडी राहते, त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग धुराबरोबर बाहेर निसटतो. काडनने धूर सोडणाऱ्या नळीकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. नळी मध्ये फुगीर आणि शेवटी निमुळती केली, तर धुराच्या दाबाची लाट शेवटच्या भिंतीवर आदळून उलट फिरते आणि निसटू पाहणारे मिश्रण नेमक्या क्षणी पुन्हा सिलिंडरात ढकलते. विहिरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी परत यावा, तसाच हा प्रकार. हा क्षण साधण्यासाठी नळीची लांबी, फुगवटा आणि उतार यांचे माप अचूक असावे लागते. त्याला फिरत्या चकतीच्या झडपेची आणि जादा मार्गाची जोड मिळाली. १९६१ साली त्याच्या १२५ सी.सी.च्या इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली. एका लिटरला दोनशे अश्वशक्ती, हे प्रमाण तोवर स्वप्नवत मानले जात होते.

त्या वर्षी एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर जागतिक विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड येथे शर्यत झाली. डेग्नरचे इंजिन शर्यतीतच निकामी झाले आणि त्यानंतर तो पूर्व जर्मनीस परतलाच नाही. त्याच सुमारास त्याची पत्नी आणि दोन मुले मोटारीच्या मागील पेटीत लपून सीमेपलीकडे पोचली होती. डेग्नर जपानच्या सुझुकी कंपनीस जाऊन मिळाला. त्याच्यासोबत काडनचे वर्षानुवर्षांचे ज्ञानही गेले. १९६२ साली पन्नास सी.सी.च्या गाड्यांसाठी जागतिक स्पर्धा प्रथमच भरविण्यात आली आणि तीत डेग्नरने सुझुकीला विजेतेपद मिळवून दिले. काडन त्शोपाउलाच राहिला. वरिष्ठांचा संशय आणि साधनांची वाण सोशीत काम करीत राहिला.

या घटनेस विश्वासघात म्हणावे, की छळातून सुटलेल्या माणसाची धडपड म्हणावे, याविषयी मतभेद राहतील. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. सुझुकीला मिळालेले ज्ञान उसने होते. तथापि त्या ज्ञानावर तिचे अभियंते थांबले नाहीत. दोनच वर्षांत त्यांची यंत्रे मूळ यंत्राच्या पुढे गेली. उसनवारी फेडण्याचा हाच एक मार्ग यंत्रविद्येत आहे.

याच सुझुकीच्या मार्गाने ही विद्या होसूरच्या रस्त्यावर आली. भारतात शर्यतींची हौस स्वातंत्र्यानंतर लवकरच मूळ धरू लागली होती. मद्रासजवळच्या शोलावरम येथे महायुद्धकाळातील विमानांची धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने ती शर्यतींसाठी वापरात आणली. परदेशातून सुटे भाग आणणे परवान्यांच्या काळात दुरापास्त होते. म्हणून येथील स्वार आणि मिस्त्री घरच्या वापराच्याच गाड्या घेत, कानस चालवून सिलिंडरातील वाटा रुंद करीत, धुराच्या नळ्या पत्र्यातून वळवून काढीत आणि जे इंजिन हाती लागेल ते जो सांगाडा हाती लागेल त्यात बसवीत. यांतील बहुतेकांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत. १९८४ ते १९८६ या काळात चित्र एकदम पालटले. होसूरहून इंड-सुझुकी आली, हिरो-होंडाची सीडी १०० आली, एस्कॉर्ट्सने यामाहाची आरएक्स १०० काढली आणि पुण्याजवळच्या आकुर्डीहून बजाजने कावासाकीच्या सहकार्याने केबी १०० काढली. चारही गाड्या शंभर सी.सी.च्या, चारही गाड्यांचे हृदय जपानी. त्शोपाउच्या आरटी १२५ पासून यामाहाकडे आणि काडनच्या नळीपासून सुझुकीकडे गेलेले दोन प्रवाह अशा रीतीने भारतात येऊन शेजारी शेजारी वाहू लागले.

होसूरच्या कारखान्याने १९८२ साली स्वतःचा शर्यत-विभाग सुरू केला होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. सहकार्याचा करार गाडी विकण्यापुरता असतो. ती गाडी शर्यतीत धावली, की ती उघडून पाहावीच लागते. कोणता भाग प्रथम तुटतो, कोणता तापतो, कोणते माप अर्ध्या मिलिमीटरने बदलले तर चालते आणि कोणते चालत नाही, हे करारातील कागदांत लिहिलेले नसते. २००१ साली सुझुकीशी फारकत झाली, तेव्हा हा कारखाना रिकाम्या हाताने उरला नाही. त्याच वर्षी त्याने ‘व्हिक्टर’ ही स्वतः घडविलेल्या चार-धावी इंजिनाची ११० सी.सी.ची गाडी बाजारात आणली. उसने हृदय काढून घेतले गेले आणि त्या जागी स्वतःचे बसविता आले. असे इंजिन-बदल फार थोड्या कारखान्यांना साधले आहेत.

महाराष्ट्रातील कथा याहून वळणावळणाची आहे. १९७२ साली ह. कुं. फिरोदिया यांच्या कायनेटिकने पन्नास सी.सी.ची ‘लुना’ काढली. तिचे मूळही इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या एका मोपेडमध्ये होते. परंतु मराठी घरांत ती इतकी रुळली, की शिक्षक, दूधवाले, टपालवाले आणि नोकरदार स्त्रिया यांच्या जीवनाचा ती भाग होऊन बसली. २००८ साली मुंबईच्या महिंद्र आणि महिंद्र कंपनीने कायनेटिकचा दुचाकीचा व्यवसाय आपल्याकडे घेतला. त्याच वर्षी तिने इटलीतील बोलोन्याजवळची इंजिन्स इंजिनिअरिंग ही रचनाकारांची संस्थाही विकत घेतली. ज्या घराण्यात लुना जन्मली, त्याचे वारस तीन वर्षांनी, २०११ च्या हंगामात, जागतिक शर्यतींच्या १२५ सी.सी. वर्गात उतरले. या स्पर्धेत यंत्र घेऊन उतरणारा हा पहिला भारतीय कारखाना होय. त्या वर्षाच्या शेवटी व्हॅलेन्सिया येथे भिजलेल्या मार्गावर डॅनी वेब याने पात्रता फेरीत सर्वांत जलद फेरी मारली आणि भारतीय नावाची गाडी पहिल्या स्थानावरून सुटण्यास उभी राहिली.

तथापि नियतीने येथे एक मोठाच इंजिन-बदल योजून ठेवला होता. २०११ हे दोन-धावी १२५ सी.सी.चे अखेरचे वर्ष ठरले. २०१२ पासून त्या वर्गाच्या जागी मोटो-३ हा नवा वर्ग आला. त्यात इंजिन चार-धावी, एका सिलिंडरचे आणि २५० सी.सी.चे, सिलिंडरचा व्यास जास्तीत जास्त ८१ मिलिमीटर, आणि गाडी व स्वार यांचे मिळून वजन किमान १४८ किलो. सर्वांनाच नव्याने प्रारंभ करावा लागला. काहींनी होंडाचे तयार इंजिन घेऊन त्याभोवती आपला सांगाडा बांधला. इंग्लंडमधील एफटीआरच्या अशाच सांगाड्यावर बसून माव्हेरिक विन्यालेसने त्या वर्षी पाच शर्यती जिंकल्या. काहींनी केटीएमचे इंजिन कॅलेक्स या जर्मन सांगाड्यात बसविले आणि तेही जिंकले. विजेतेपद मात्र केटीएमच्या स्वतःच्या इंजिनावर आणि स्वतःच्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर धावणाऱ्या सँड्रो कोर्टेसेला मिळाले.

महिंद्रने इंजिनाचे काम इटलीतील ओरल इंजिनिअरिंगकडे सोपविले आणि सांगाड्याचे आपल्या बोलोन्याच्या मंडळींकडे. दोन्हीकडे जाणते लोक होते. परंतु हंगाम निराशेचा गेला. गुण मिळविणे दूरच राहिले, अनेकदा शर्यत पुरी करणेही कठीण झाले. निष्णात हृदयवैद्य आणि निष्णात अस्थिवैद्य एकत्र आले म्हणजे रोगी धावू लागतोच असे नाही. २०१३ साठी सारेच बदलण्यात आले. इंजिन आणि सांगाडा ही दोन्ही कामे स्वित्झर्लंडच्या सुटर या एकाच संस्थेकडे देण्यात आली. एकाच छपराखाली, एकाच मापाने काम झाल्याचा परिणाम दिसू लागला. त्याच वर्षी मलेशियातील सेपांग येथे मिगेल ऑलिव्हेरा तिसरा आला आणि भारतीय यंत्र प्रथमच विजयमंचावर पोचले. पुढे महिंद्रने इटलीतील बेसोत्सो येथे स्वतःचे ठाणे उभारून काम अधिकाधिक आपल्या हाती घेतले. २६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधील आसेनच्या प्रख्यात मार्गावर फ्रान्चेस्को बन्याया या इटालियन तरुणाने महिंद्रला पहिला विजय मिळवून दिला. त्याच वर्षी सेपांगलाही त्याने पहिला क्रमांक पटकाविला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने या स्पर्धेचा निरोप घेतला आणि आपले लक्ष विजेच्या मोटारींच्या शर्यतींकडे वळविले. महिंद्रच्या गाडीवर उमेदवारी केलेला बन्याया पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये, आणि त्याचा सहकारी होर्खे मार्तिन २०२४ मध्ये, सर्वोच्च वर्गाचा जागतिक विजेता झाला.

हा विजय भारतीय म्हणावा काय? यंत्र इटलीत आणि स्वित्झर्लंडमध्ये घडले, स्वार परदेशी, मार्गही परदेशी. भारताचे काय, तर नाव आणि पैसा, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच पोकळ नाही. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्याल्यास तहान भागते, पण विहीर खणण्याचे कसब हाती येत नाही. सात हंगामांच्या त्या अनुभवातून घरच्या कारखान्यात किती विद्या झिरपली, हा प्रश्न आसेनच्या विजयाहून मोठा आहे. त्याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. बजाज कंपनीने २००७ साली ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भाग घेतला आणि २०११ पासून पुण्याजवळच्या चाकण येथे केटीएमच्या छोट्या गाड्या तयार होऊ लागल्या. मोटो-३ च्या शर्यतीत धावणाऱ्या यंत्राच्या रूपावरून बेतलेली आरसी ३९० चाकणच्या कामगारांच्या हातून जगभर गेली. येथे शर्यतीच्या मैदानावर भारताचे नाव नव्हते; परंतु हात येथले होते. एकीकडे नाव आपले व हात दुसऱ्याचे, दुसरीकडे हात आपले व नाव दुसऱ्याचे. दोन्ही वाटा अर्ध्या आहेत. मात्र हातात उतरलेली विद्या सहजासहजी काढून घेता येत नाही, हे होसूरच्या उदाहरणावरून दिसतेच.

इतिहास पाहता उसनवारीची लाज बाळगण्याचे कारण नाही. इंग्लंडने जर्मन आराखडा आरशात पाहिला, जपानने तो पर्वतावर चढविला आणि ट्रायटनचा सांगाडा तर दुसऱ्याच्या टाकाऊ मालातून आला. लाज असलीच, तर ती उसन्या वस्तूचे झाकण कधीच न उघडण्याची आहे. शोलावरमच्या धावपट्टीच्या कडेला बसून कानशीने सिलिंडरची वाट घासणारा अनाम मिस्त्री आणि त्शोपाउच्या अपुऱ्या साधनांत धुराच्या नळीचा प्रतिध्वनी मोजणारा काडन यांचे नाते येथेच जुळते. दोघांनीही हाती आलेले यंत्र उघडले आणि त्याला आपले माप लावले.

होसूरच्या रस्त्यावरून आजही नव्या मोटारसायकली भरलेले ट्रक उत्तरेकडे, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या शेजारून, जात असतात. दरम्यान गाडीच्या पोटात आणखी एक बदल सुरू झाला आहे. पेट्रोलच्या इंजिनाच्या जागी विजेची मोटर येत आहे आणि इंधनाच्या टाकीच्या जागी विद्युत्घट. त्या घटातील कण कोणत्या देशातून येतात, मोटर चालविणारी आज्ञावली कोण लिहितो, घटाचे वजन सांगाड्यात नेमके कोठे ठेवावयाचे, हे सारे जुनेच प्रश्न नव्या वेषात उभे आहेत. या खेपेस मेंदू घडविणारी वसाहत आणि हृदय घडविणारा कारखाना एकाच रस्त्यावर, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. त्या दोघांचा मेळ घालण्याचे माप ज्याच्या हाती राहील, यंत्र त्याचे होईल.